महाराष्ट्रात घर विकताना : मंजूर नकाशा, भोगवटा आणि बाकीची कागदपत्रं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर विकायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी रंगारी येतो, मग एजंट, आणि कागदांची पिशवी कपाटातून निघते ती विसार घेतल्यानंतर. व्यवहार अडतात ते तिथेच. भाव ठरलेला असतो, समोरच्याचं कर्ज तत्त्वतः मंजूर असतं, आणि मग बँकेचा वकील एक कागद मागतो जो तुम्ही कधी पाहिलेलाच नसतो. विकणाऱ्याने आपली फाइल घर दाखवायच्या आधी स्वतः तपासावी, एवढ्यासाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. फ्लॅट, रो-हाऊस, बंगला आणि गावातलं घर, सगळ्यांचा विचार यात आहे.

सुरुवात कुठून करायची?

सगळे कागद तारखेप्रमाणे लावा. फ्लॅट असेल तर बिल्डरशी झालेला पहिला करारनामा, त्यानंतर तो फ्लॅट जितक्यांदा विकला गेला तितकी खरेदीखतं, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक २ (इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा). ही साखळी मध्ये कुठेही तुटता कामा नये. त्याच्याबरोबर सोसायटीचं भागप्रमाणपत्र, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी), भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), मंजूर नकाशा, घरपट्टी आणि मेंटेनन्सच्या चालू पावत्या, वीजबिल. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि मोजणीची ‘क’ प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) हेही लागतं.

मग नावं तपासा. करारनाम्यात माहेरचं नाव, भागप्रमाणपत्रावर सासरचं, आधारवर स्पेलिंग वेगळं, हे फार घरांत असतं. प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी वेळेत केली तर ही किरकोळ बाब आहे. नोंदणीच्या आदल्या दिवशी लक्षात आली तर तारीख पुढे जाते.

मंजूर नकाशा इतका महत्त्वाचा का? करारनामा पुरेसा नाही का?

करारनामा सांगतो की घर कोणाचं आहे. मंजूर नकाशा सांगतो की तिथे काय बांधायला परवानगी होती. घर घेणाऱ्याची बँक दोन माणसं नेमते. वकील पहिली गोष्ट तपासतो आणि मूल्यांकन करणारा इंजिनीअर दुसरी. तो इंजिनीअर टेप घेऊन येतो, खोल्या मोजतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि नकाशाशी ताडून पाहतो.

हे ताडून पाहणं तुम्ही आधी घरीच करा. नकाशाची प्रत जेवणाच्या टेबलावर पसरा. कोपऱ्यात महापालिकेचा शिक्का, परवानगीचा क्रमांक आणि तारीख असते. आपला मजला शोधा, मग आपला फ्लॅट. आता खोलीगणिक फिरा. नकाशात ‘बाल्कनी’ लिहिलंय तिथे आज स्वयंपाकाचा ओटा आहे का? ‘ओपन टेरेस’च्या जागी मुलांची खोली झाली आहे का? हॉल आणि बेडरूममधली भिंत नकाशात आहे, घरात नाही, असं आहे का? प्रत्येक फरकावर पेन्सिलीने खूण करा. पुढचे बरेचसे प्रश्न याच खुणांभोवती फिरतात.

नकाशाची प्रतच नाही. कुठे मिळेल?

आधी सोसायटीच्या कार्यालयात विचारा. अभिहस्तांतरणाच्या (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करण्याच्या) किंवा पुनर्विकासाच्या फाइलीत ती हमखास असते. नाहीतर इमारतीचे आर्किटेक्ट. तेही जमलं नाही तर महापालिकेच्या, नगरपरिषदेच्या किंवा प्राधिकरणाच्या बांधकाम परवानगी विभागातून साक्षांकित प्रत घेता येते. अर्ज नुसता पडून राहिला तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, प्लॉट क्रमांक आणि माहीत असेल तर परवानगीचं वर्ष घाला. नुसतं इमारतीचं नाव दिलं तर जुनी फाइल सापडत नाही, कारण त्या काळी नोंद जमिनीच्या नंबरावर होत असे.

बाल्कनी बंद करून खोलीत घेतली आहे. विक्रीला अडचण येईल का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर इमारतीच्या वयावर अवलंबून आहे.

जुन्या नियमांत बाल्कनीला ठरावीक प्रमाणात चटईक्षेत्रातून, म्हणजे एफएसआयमधून, सूट मिळत असे. उघडी आहे म्हणून मोजली नाही, असा तो हिशेब होता. ती भिंत किंवा खिडक्या लावून बंद केली की ते क्षेत्र मोजणीत येतं आणि मंजुरीपेक्षा जास्त बांधकाम झाल्यासारखं होतं. म्हणूनच बऱ्याच शहरांत अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून बाल्कनी बंद करायची परवानगी दिली जात असे, आणि अनेक बिल्डरांनी सुरुवातीलाच ती घेऊन ठेवलेली असते. नकाशात ‘बंदिस्त बाल्कनी’ असा उल्लेख आहे का ते बघा. असेल तर काळजी नाही.

नवीन इमारतींचं गणित वेगळं आहे. मुंबईत २०१२ पासून बाल्कनी चटईक्षेत्रात धरली जाते. मुंबई आणि काही मोजके प्रदेश सोडून उर्वरित महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली लागू आहे, जिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तुमची इमारत कोणत्या नियमावलीखाली मंजूर झाली, हे परवानगीच्या तारखेवरून कळतं.

नुसती सरकती काच आणि लोखंडी जाळी असेल तर बँका सहसा फारसं ताणत नाहीत. मधली भिंत पाडून बाल्कनी हॉलला जोडली असेल तर मूल्यांकनात ते क्षेत्र धरलं जात नाही, म्हणजे घेणाऱ्याचं कर्ज कमी होतं. आणि ती भिंत पाडताना बीमला किंवा खांबाला हात लावला असेल, तर तो नियमांपलीकडचा, इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावून लेखी अहवाल घ्या. विकायचं नसेल तरी घ्या.

कोणत्या कामाला परवानगी लागते आणि कोणत्या नाही?

रंग, गिलावा, फरशी, नळ, वायरिंग, दारं-खिडक्या बदलणं, छपराचे कौल किंवा पत्रे जसे होते तसे पुन्हा बसवणं, ही दुरुस्तीची कामं आहेत. मुंबईत महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३४२ मध्ये अशा दुरुस्तीला मोकळीक आहे. खोली वाढवणं, पोटमाळा टाकणं, जिना हलवणं, दोन फ्लॅट एक करणं, संडास-मोरीची जागा बदलणं, गच्चीवर शेड उभारणं, सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, काहीही बांधणं, यांना परवानगी हवी. संडास-मोरीच्या जागेत बदल झाला की खालच्या घरात गळती लागते आणि भांडण सोसायटीच्या दप्तरात नोंदलं जातं. ते दप्तर घेणारा वाचतो, हे लक्षात असू द्या.

थोडं बांधकाम अनधिकृत आहे हे आता कळलं. पर्याय काय?

तीन आहेत.

पहिला, नियमित करून घेणं. चटईक्षेत्र शिल्लक असेल आणि सामासिक अंतरं सुटत असतील तर परवानाधारक आर्किटेक्टकडून नकाशा काढून महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली अर्ज करता येतो. दंड आणि प्रशमन शुल्क (बांधकाम नियमित करण्यासाठीची रक्कम) भरावं लागतं. त्याच अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढण्याची, नोटीस आलेली असली तरी बांधकाम राखण्यासाठी अर्ज करायची वाट त्याच कलमात आहे. मात्र नोटिशीतली मुदत पाळावी लागते.

दुसरा, मूळ स्थिती आणणं. ऐकायला जड वाटतं, पण पुष्कळदा हाच स्वस्त असतो. एका रो-हाऊसच्या व्यवहारात गच्चीवर विटांची एक खोली होती, पत्र्याच्या छपराची. कागदावर त्या गच्चीचं नाव होतं ‘उघडी गच्ची’. नियमित करायला चटईक्षेत्र उरलेलं नव्हतं. मालकांनी ती खोली उतरवली, गच्ची जलरोधक करून घेतली, इंजिनीअरकडून घर नकाशाप्रमाणे असल्याचा दाखला घेतला, आणि अडकलेलं कर्ज सुटलं.

तिसरा, आहे ते स्पष्ट सांगून विकणं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा पण विकणाऱ्याला माहीत असलेला महत्त्वाचा दोष उघड करणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. आलेली नोटीस दडवून घर विकणं हा माझ्या मते सगळ्यात वाईट मार्ग. घेणारा आयुष्याची पुंजी लावत असतो, आणि ते महिन्या-दोन महिन्यांत बाहेर येतंच. दोष लिहून द्या आणि भाव त्याप्रमाणे ठरवा.

वीस वर्षांत कोणी विचारलं नाही, घरपट्टीही लागली आहे. मग ते अधिकृत झालं ना?

नाही. घरपट्टी ही वापरावर बसते. कर आकारला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. वर्षं उलटली म्हणूनही होत नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नि:संदिग्ध शब्दांत सांगितलं : काळ लोटणं, अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष करणं किंवा पैसा गुंतलेला असणं, यातलं काहीही बेकायदा बांधकामाचा बचाव होऊ शकत नाही. त्याच निकालात बँकांनाही बजावलं आहे की इमारतीच्या तारणावर कर्ज देताना पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच द्यावं. बँकांचे वकील ओसीबद्दल इतका आग्रह धरतात त्याचं हे एक मोठं कारण.

सीसी, पूर्णत्वाचा दाखला आणि ओसी, यांत फरक काय?

सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. पाया झाल्यावर जोते तपासणी होते. काम संपलं की आर्किटेक्ट पूर्णत्वाचा दाखला देतो, म्हणजे काम नकाशाप्रमाणे झालं असं सांगतो. त्यानंतर नियोजन प्राधिकरण पाहणी करून भोगवटा प्रमाणपत्र देतं, ती ओसी. राहायला जायची कायदेशीर मुभा ओसीने मिळते. काही इमारतींना फक्त काही मजल्यांची भाग-ओसी असते. तिच्यात तुमचा मजला आहे का, ते नीट वाचा.

आमच्या इमारतीला ओसीच नाही. घर विकता येईल का?

विकता येतं. तेवढ्या कारणाने खरेदीखताची नोंदणी अडत नाही. अडतं ते कर्ज. मग रोख रक्कम असलेला ग्राहक शोधावा लागतो आणि तो भाव पाडून मागतो. काही ठिकाणी अशा इमारतींना पाणीपट्टीही जादा दराने भरावी लागते.

ओसी आणणं ही बिल्डरची जबाबदारी. महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियम १९६३, म्हणजे मोफा, आणि रेरा, म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, या दोन्ही कायद्यांचा रोख तोच आहे. बिल्डर बेपत्ता असेल तर सोसायटीने स्वतः आर्किटेक्ट नेमून अर्ज करावा. ओसी नेमकी कशावर अडली ते आधी शोधा. कधी अग्निशमनाचा दाखला राहिलेला असतो, कधी लिफ्टचा, कधी एका दुकानदाराने पुढे काढलेल्या शेडमुळे सगळी इमारत खोळंबलेली असते. एकट्या फ्लॅटधारकाला हे झेपत नाही, सर्वसाधारण सभेत ठराव करूनच पुढे जावं लागतं. म्हणून दोन-तीन वर्षांत घर विकायचा विचार असेल तर हा विषय आजच सभेत मांडा.

सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतंच का? ते अडवून धरतात.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमधल्या (नमुना नियमांमधल्या) क्रमांक ३८ प्रमाणे हस्तांतरणाला सोसायटीच्या ना-हरकतीची गरज नाही. विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने मागितलं तर समितीने एका महिन्यात त्याचा विचार करायचा असतो. प्रत्यक्षात बँक ते मागतेच, म्हणून विकण्याचा इरादा कळवणारी १५ दिवसांची नोटीस विहित नमुन्यात द्या आणि पोच घ्या. थकबाकी शून्य ठेवा. थकबाकी असेल तर समितीला अडवायला खरंच कारण असतं.

सोसायटी हस्तांतरणासाठी किती पैसे घेऊ शकते?

हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, नव्या सभासदाचं प्रवेश शुल्क १०० रुपये, आणि अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत क्षेत्रात मर्यादा याहून कमी आहे. कुटुंबातल्या हस्तांतरणाला आणि वारसांच्या नावे होणाऱ्या हस्तांतरणाला प्रीमियम नाही. देणगी, इमारत निधी, गणेशोत्सव वर्गणी, कोणत्याही नावाखाली याहून जास्त रक्कम मागता येत नाही; उपविधीत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. मागितलीच तर मागणी लेखी द्या म्हणावं. पुढे तक्रार करायची झाली तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे.

इमारतीचं अभिहस्तांतरण झालेलं नाही. माझी विक्री थांबेल का?

थांबणार नाही. पण जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे, म्हणजे पुनर्विकासात वाद होऊ शकतो, आणि जाणकार ग्राहक हे भावात धरतो. मोफाच्या कलम ११ खाली सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करू शकते.

पार्किंगची जागा फ्लॅटबरोबर विकता येते का?

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उघडं किंवा स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, ती सामायिक जागा आहे. तेव्हा ‘पार्किंगसह विकणे आहे’ असं लिहिण्याआधी तुमच्या हातात काय आहे ते पाहा. सोसायटीचं वाटपपत्र असेल तर तसंच लिहा. वाटप दरवर्षी सोडतीने होत असेल तर तेही सांगा. ताबा दिल्यानंतर पहिलं भांडण पार्किंगवरूनच होतं.

गावठाणातलं किंवा गुंठेवारीतलं घर विकताना काय बघायचं?

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका असते, नाहीतर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद असते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा म्हणून ती एकटी टिकत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन पुष्कळ गावांत मिळकत पत्रिका आणि सनद मिळू लागल्या आहेत. तुमच्या गावात त्या आल्या असतील तर आधी ती घ्या, मग विक्रीचं बोला. वाडवडिलांच्या घरात भिंत कोणाची, अंगणातून वाट कोणाची, हे मोजणी करून आणि शेजाऱ्यांच्या सह्यांनी लिहून घेणं फार मोलाचं ठरतं.

शेतजमिनीचे गुंठे पाडून बांधलेल्या घरांसाठी गुंठेवारी अधिनियम २००१ आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मिळालं असेल तर घराला बाजार आहे. नसेल तर नुसत्या नोटरीवर हात बदललेलं घर कोणती बँक स्वीकारणार? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय की साठेखत (विक्रीचा करार), मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा संच करून मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवं.

सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर ‘भोगवटादार वर्ग २’ आहे. म्हणजे काय?

सरकारने अटींवर दिलेली जमीन. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री केली तर शर्तभंग होतो. आधी परवानगी किंवा वर्ग १ मध्ये रूपांतर, मग विसार. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ लागू होतं, तिथे फार सांभाळून पावलं टाकावी लागतात. सिडकोची घरं भाडेपट्ट्यावर असतात, म्हणून सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क. म्हाडाच्या घरात म्हाडाच्या दप्तरी नाव बदललेलं आहे का ते पाहा. दोन विक्रींपूर्वीच्या मालकाचंच नाव तिथे अजून असणं नवीन नाही.

घर वडिलांच्या नावावर होतं, मी नॉमिनी आहे. मी एकटा विकू शकतो का?

इतर वारस असतील तर नाही. नॉमिनी हा सोसायटीपुरता विश्वस्त असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्था अधिनियमात नॉमिनीला तात्पुरता सभासद करायचं म्हटलं आहे. पक्कं सभासदत्व मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थेच्या दस्तावरून मिळतं. आई, भाऊ, बहिणी, लग्न झालेल्या बहिणीसुद्धा, सगळ्यांचा हिस्सा आहे. एकतर सगळ्यांनी खरेदीखतावर सही करावी, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावं. बहिणीला सहीसाठी फक्त नोंदणीच्या दिवशी बोलावू नका. काय विकतोय, किती आले, तिचा वाटा काय, हे आधी बसून बोला. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचा स्वतंत्र हिस्सा असेल तर तो विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.

घरावर कर्ज चालू आहे.

विकता येतं. बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी घ्या. घेणाऱ्याची बँक ती रक्कम थेट तुमच्या बँकेत भरते, मग मूळ कागद सुटतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ दस्त परत करायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. कर्ज कधीच फिटलं असेल तरी तारणाचा बोजा दप्तरातून उतरला आहे का, ते तपासा.

मूळ करारनामा हरवला आहे.

पोलिसांत हरवल्याची नोंद, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, दुय्यम निबंधक कार्यालयातून साक्षांकित नक्कल, आणि हमीपत्र. या क्रमाने करा. नोटिशीची मुदत संपेपर्यंत विसार न घेतलेला बरा.

मी परदेशात आहे. यावंच लागेल का?

नाही. आई-वडील किंवा भावंडांना विशिष्ट घरापुरतं मुखत्यारपत्र देता येतं. भारतीय वकिलातीत ते साक्षांकित करा, किंवा त्या देशाच्या पद्धतीने अपोस्टील. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे बरेच जण विसरतात. अनिवासी विकणाऱ्याच्या रकमेतून निवासी माणसासारखा १ टक्का नव्हे, बऱ्याच चढ्या दराने कर कापला जातो. म्हणून आयकर विभागाकडून कमी दराने कपातीचा दाखला आधी काढा. त्याला वेळ लागतो.

विसार पावती, साठेखत, खरेदीखत, क्रम कसा?

विसार पावतीवर रक्कम, मुदत, आणि व्यवहार फिसकटला तर विसाराचं काय, हे तिन्ही लिहा. रोखीने २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त घेऊ नका, आयकर कायद्याने दंड आहे. मग नोंदणीकृत साठेखत, कर्जाचं वाटप, आणि पूर्ण रक्कम मिळाल्यावर खरेदीखत व ताबा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी रिवाजाने घेणारा भरतो. मुंबईत शुल्क ६ टक्के, पुणे-ठाणे-नागपुरात ७, महिला खरेदीदाराला १ टक्का सवलत; नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला सादर करा.

कर किती बसेल?

घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमचं असेल तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्के हाही पर्याय आहे. दोन्ही हिशेब करून पाहा. विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत नवीन घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर सवलत मिळते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. त्याचा दाखला मागून घ्या.

आई अंथरुणाला खिळलेली आहे, नोंदणीला नेता येत नाही.

नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३१ प्रमाणे विशेष कारण असेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात. वैद्यकीय दाखल्यासह अर्ज आणि फी भरावी लागते. फोटो आणि अंगठ्याचा ठसा घरीच घेतला जातो. वयस्कर माणसाच्या बाबतीत त्याच आठवड्याचा डॉक्टरांचा दाखला फाइलला लावून ठेवा, म्हणजे पुढे ‘तिला समजत नव्हतं’ असा वाद निघत नाही.

आमचं घर गोव्यात आहे. हेच नियम का?

नाहीत. तिथे सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा, बिनशेतीसाठी सनद. आणि नागरी कायदा वेगळा असल्यामुळे नवरा-बायको दोघांचीही सही लागते, घर एकाच्याच नावावर असलं तरी. वारसाहक्काचं घर असेल तर आधी इन्व्हेंटरीची (वारसांमध्ये मालमत्तेची वाटणी ठरवण्याची) प्रक्रिया पूर्ण झालेली असावी. महाराष्ट्रातला मसुदा तिथे वापरू नका.

विक्री झाल्यावर माझं काम संपलं?

थोडं उरतं. ताबा पावतीवर तारीख, वेळ, वीज आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या. वीजजोडणी, घरपट्टी आणि सोसायटीचं भागप्रमाणपत्र घेणाऱ्याच्या नावे होईपर्यंत पाठपुरावा ठेवा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका असेल तर फेरफार नोंदीची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. खरेदीखताची प्रत, मिळालेल्या रकमेचे बँक उतारे, टीडीएसचा दाखला आणि घरात केलेल्या मोठ्या कामांची बिलं जपून ठेवा. आयकर विवरणपत्रात नफा दाखवताना ती लागतात, आणि विभागाची विचारणा विक्रीनंतर काही वर्षांनीही येऊ शकते.